पंखावरची काळी रेघ

होळी झाली की आमच्या सोसायटीवर घारी चढायला लागतात. तशा त्या वर्षभर असतात, पण थंडीत बिचाऱ्या पंख मारून मारून उडतात. मार्च तापला की सकाळी अकराच्या सुमाराला समोरच्या इमारतीच्या टाकीवरून एखादी घार सुटते, पंख ताणते आणि ते एकदाही न हलवता गोल गोल फिरत वर जाते. शेजारी म्हणतात, काय मजेत चाललीय बघा. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत असतो. हातातला ओला टॉवेल हातातच राहतो.

माझं वय एकोणपन्नास. मी प्रवासी विमानं चालवतो. पावसाळ्यात, ढगांतून, आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना माझा हात स्थिर असतो. माझ्या शेजारी बसणारे तरुण सहवैमानिक तसं सांगतात. हात अडतो तो घार बघून. वाळलेल्या गवताचा वास आला की. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज कानावर पडला की. उन्हाळा इतरांसाठी परीक्षांचा असतो, आंब्यांचा असतो, लग्नांचा असतो. माझ्यासाठी तो एका रविवारचा आहे.

यंदा तो जरा जास्तच जवळ आला, कारण यंदा माझी मुलगी मुक्ता रविवारी ग्लायडर उडवायला जायला लागली.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं लहान विमान. लांब निमुळते पंख, एक किंवा दोन माणसांपुरती जागा, वर काचेचं झाकण. त्याला तारेने खेचून आकाशात सोडतात. पुढे घारीचंच तंत्र: तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा झोत उठतो, तो सापडला की त्यात गोल फिरत वर चढायचं, नाही सापडला की खाली यायचं. मुक्ता वीस वर्षांची आहे. तिला माझ्यासारखं वैमानिक व्हायचंय. लायसन्सच्या परीक्षांचा अभ्यास चालू आहे, वारज्याला क्लास लावलाय. आणि रविवारी हा छंद. "बाबा, मोठ्या विमानात सगळं कॉम्प्युटर करतो. यात बघ, बुडाखाली हवा कळते," ती म्हणते. हे वाक्य मी तिच्याच वयात, जवळजवळ अशाच शब्दांत माझ्या आईला सांगितलं होतं. तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती. मी मुक्ताला एवढंच विचारतो, "तिथे पंख कोण धरतं गं?"

"कोणीही धरतं. ज्याचा नंबर नसेल तो."

"नीट बघतात ना?"

"बाबा, तू आता माझ्याबरोबर येऊन तिथे खुर्ची टाकून बस."

मी गेलो नाही. मला जमलं नसतं.

*

आमचं मैदान आता नाही. हडपसरच्या पलीकडे, कालव्याच्या अंगाला, एका हौशी क्लबने भाड्याने घेतलेला तो माळ होता. क्लब बंद पडला, माळावर इमारती आल्या. कधी विमान घेऊन पूर्वेकडून पुण्यात उतरताना मी त्या इमारतींच्या गच्च्या शोधतो. आमचं गवत कुठल्या टॉवरखाली गेलं ते अंदाजाने ठरवतो. मग पुन्हा समोरच्या काट्यांकडे बघतो.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि इम्तियाज माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा. आम्ही दोघे व्यावसायिक लायसन्सच्या परीक्षांना बसलो होतो. इंजिनाच्या विमानात महिन्यातून एकदा कसंबसं बसायला मिळायचं, म्हणून रविवारी ग्लायडर. त्याच्या घरचं दुकान भवानी पेठेत, शिलाई मशीन दुरुस्तीचं. त्याचे वडील, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, कान मशीनला लावून कुठला दाता घासतोय ते सांगायचे. इम्तियाजचा हातही तसाच. क्लबच्या त्या जुन्या, पिवळ्या, लाकडी ग्लायडरचा कुठला खिळा कुरकुरतोय ते त्याला आधी कळायचं.

सकाळी सातला तो स्कूटर घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायचा. हॉर्न वाजवायचा नाही, मोठ्याने प्रश्न विचारायचा. "विन्या! हजार फूट वर गेलं की तापमान किती उतरतं?" मी दात घासत खिडकीतून ओरडायचो, "दोन अंश!" सगळी गल्ली आमच्याबरोबर हवामानशास्त्र शिकली. स्वारगेटच्या सिग्नलला मागे बसून मी त्याला नकाशाचे प्रश्न घालायचो. एकदा शेजारच्या रिक्षावाल्याने बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उत्तर-दक्षिण नंतर बघा राव, सिग्नल सुटलाय."

त्या उन्हाळ्याचे वास माझ्याजवळ अजून जसेच्या तसे आहेत. तारेला लावलेलं ग्रीस. उन्हात तापलेलं कापड आणि त्यावरचं वॉर्निश. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या माठाचं पाणी. दुपारी वावटळ उठायची, माळावरून वाळलेली पानं, कागद, एखादी प्लास्टिकची पिशवी घेऊन गोल फिरत जायची. इतर लोक डोळे मिटून घ्यायचे, आम्ही तिच्याकडे आशेने बघायचो. वावटळ म्हणजे वर झोत आहे.

आणि वरची शांतता. तार सुटली की खटका बसतो, नाक खाली येतं आणि मग फक्त वाऱ्याची शीळ. इंजिन नसल्यामुळे खालचं जग ऐकू येतं. कुत्र्याचं भुंकणं येतं, कुठल्याशा मंगल कार्यालयातला बँड येतो. एका बाजूला कालव्याची हिरवी पट्टी, दुसरीकडे दिवे घाटाची रेघ, वीटभट्ट्यांचा धूर सरळ वर चाललेला. त्या धुराकडे गेलं की हमखास झोत सापडायचा. सीटखालून कुणीतरी हाताने उचलल्यासारखं व्हायचं. मी आजवर हजारो तास उडालो. तसं उचललं जाणं पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

*

मैदानावर साठे सरांचं राज्य होतं. बँकेतून निवृत्त झालेले, शनिवार पेठेत राहणारे, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात काळी छत्री. ते कुणालाही अरे-तुरे करायचे नाहीत. आम्हा पोरांनाही 'अहो'. 'अहो' जितका गोड, तितका अपमान मोठा.

त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलेला नियम हा. ग्लायडर निघताना एक जण पंखाचं टोक धरून उभा राहतो, पंख जमिनीला समांतर ठेवतो आणि पुढची खूण देतो. दुसरा हात हळू हलवला की लांब टोकाला असलेलं विंच, म्हणजे ट्रकच्या इंजिनावर बसवलेलं मोठं रीळ, तार ताणून घेतं. हात जोरात हलवला की विंच पूर्ण जोर लावतं आणि विमान सुटतं. पण हे चालू असताना मैदानावरच्या कुणालाही काही वावगं दिसलं, तर त्याने दोन्ही हात वर करून 'स्टॉप' म्हणून ओरडायचं. कुणीही. विद्यार्थी असो, चहावाला असो, पाहुणा असो. मग सगळं जागच्या जागी थांबतं. "आणि 'स्टॉप' कोणी म्हटलं, का म्हटलं, यावरून कुणाला बोलायचं नाही," सर म्हणायचे.

हा शेवटचा भाग त्यांनी स्वतः एकदा मोडला, माझ्या बाबतीत.

मार्चच्या शेवटाला मी एकदा पंख धरून उभा होतो. तार ताणली गेली आणि पुढे धावपट्टीवर काहीतरी काळं सर्रकन आडवं गेलं. मी 'स्टॉप' म्हणून ओरडलो. विंच थांबलं. तार ढिली पडली, तिचा गुंता झाला, तो सोडवायला अर्धा तास गेला. ते काळं म्हणजे डोक्यावरून गेलेल्या घारीची सावली होती.

साठे सर छत्री टेकत आले. "अहो वैमानिक, सावली विमानाला धडकत नाही हो. एवढं परीक्षेत विचारणार नाहीत, पण माहीत असलेलं बरं."

सगळे हसले. इम्तियाजही हसला, आणि मग मला वाईट वाटलेलं बघून त्याने स्वतःच्या वाटणीची चिक्की मला दिली. त्यानंतर तीन आठवडे सगळे मला 'सावली' म्हणत होते. सावली, पाणी आण. सावली, तार ओढ.

*

तो रविवार एप्रिलमधला. दुपारचे साडेचार झाले होते. ऊन पिवळं व्हायला लागलं की झोत मरतात, त्यामुळे सगळ्यांची घाई. सरांनी सांगितलं, "दोन उड्डाणं. मग शेड बंद करायची." पहिला नंबर इम्तियाजचा, दुसरा माझा. मला त्या दिवशी उडायचंच होतं. पुढचे दोन रविवार परीक्षेत जाणार होते.

इम्तियाज आत बसला, पट्टे बांधले, झाकण लावलं. निघण्याआधी वैमानिक एक यादी म्हणतो, एकेका वस्तूला हात लावून. यादी म्हणताना कुणी मध्ये बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, असाही नियम आहे. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. मी काचेवर टकटक केली आणि म्हणालो, "आवर ना, ऊन उतरतंय." तो हसला, मान हलवली, पुढचं भराभर आटपलं आणि अंगठा वर केला.

मी पंखाचं टोक उचललं. नजर पंखावरून आत गेली आणि मला ती रेघ दिसली.

पंखाच्या वरच्या अंगाला ब्रेकची फळी असते. उतरताना डाव्या हाताकडचा लिव्हर ओढला की ती पंखातून वर येते, हवा अडवते आणि विमान झपाट्याने खाली येतं. चढताना ती पंखात पूर्ण मिटलेली हवी आणि लिव्हर शेवटी खट्‌ करून अडकलेला हवा. मिटलेली असली की पंख सपाट पिवळा दिसतो. त्या दिवशी पिवळ्या पंखावर एक काळी रेघ होती. जाड पेन्सिलीने मारावी एवढी. फळी किंचित वर होती. लिव्हर अडकलेला नव्हता.

अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला ती सावली वाटली, आणि पुन्हा हसं होईल म्हणून मी गप्प बसलो. ही सबब फार सोयीची आहे. तिच्यात थोडा दोष साठे सरांवर जातो, थोडा हसणाऱ्यांवर. पण मी इथे खरं लिहायचं ठरवलंय. मला ती सावली वाटली नाही. पंखावर लख्ख ऊन होतं, आणि सावली अशी एका जागी सरळ रेघेत राहत नाही. मला कळलं होतं. आणि त्याच क्षणी हेही कळलं होतं की आता 'स्टॉप' म्हटलं तर तार काढून सगळं पहिल्यापासून करायला वीस मिनिटं जातील, इम्तियाज वर जाईल आणि माझा नंबर जाईल. मनात आलं, निघताना खट्‌ करून घेईल तो, त्याच्या लक्षात येईल. एवढंच. एखाद्या माणसाचं आयुष्य मी एवढ्याशा वेळात एवढ्याशा गोष्टीसाठी बाजूला ठेवलं.

विमान वर गेलं, पण जड गेलं. अर्ध्या उंचीवरच तार सुटली. वर हवेने फळ्या पूर्ण ओढून घेतल्या आणि विमान दगडासारखं खाली यायला लागलं. धावपट्टी त्याला मिळाली नाही. मैदानाच्या कडेच्या बांधावर ते आपटलं. आवाज फार मोठा झाला नाही. लाकडी खोकं टेम्पोतून खाली टाकावं तसा झाला.

इम्तियाज शुद्धीत होता. आम्ही पोहोचलो तेव्हा तो म्हणाला, "पाय हलत नाहीयेत रे." पाय नंतर हलले. मणका दबला होता तो मात्र पूर्ण सुधारला नाही. वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत असा मणका चालत नाही.

संध्याकाळी शेडमध्ये साठे सरांनी विचारलं, "पंखाशी कोण होतं?"

"मी, सर."

"ब्रेक मिटलेले होते?"

त्यांच्या हातात कागद होता, पेन उघडं होतं. मी म्हणालो, "हो सर. मिटलेलेच होते."

त्यावरून क्लबच्या अहवालात ठरलं ते असं: निघताना ब्रेक बंद होते, म्हणजे वर गेल्यावर वैमानिकानेच घाबरून चुकीचा लिव्हर ओढला. इम्तियाज दवाखान्यात पडल्या पडल्या सांगत राहिला, मी लिव्हरला हात लावला नाही. कुणी वाद घातला नाही. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा हात आठवत नाही, असं सगळे समजुतीने म्हणाले. काही महिन्यांनी तो स्वतःही तसंच म्हणायला लागला.

दवाखान्याच्या जिन्यात चाचांनी मला थांबवलं होतं. त्यांच्या हातात डबा होता. "बेटा, सच बता. डर गया था क्या वो?" मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "होतं चाचा असं कधी कधी." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझंच सांत्वन केलं त्यांनी. मी त्यानंतर दवाखान्यात गेलो नाही. परीक्षा होती, हे कारण सगळ्यांना पटलं. मी पास झालो.

*

पुढची वर्षं मी मोठ्या विमानांत घालवली. आता मी कंपनीत नव्या सहवैमानिकांना एक विषय शिकवतोही: कॅप्टन चुकत असेल तर बोला, संकोच करू नका, दिसलं ते सांगा. लोक म्हणतात, हा विषय तुम्ही फार तळमळीने शिकवता. मी तळमळीने शिकवतो आणि घरी येऊन हात धुतो.

इम्तियाज वारज्याला क्लास चालवतो. पुण्यातली वैमानिक व्हायला निघालेली बरीच मुलं त्याच्या हाताखालून जातात. आम्ही कुणाच्या लग्नात भेटलो तर तो कडकडून मिठी मारतो. मुक्ताने त्याचाच क्लास लावायचं ठरवलं तेव्हा मला नाही म्हणायला कारण सापडलं नाही. सगळी कारणं एकाच कारणाशी जाऊन थांबत होती.

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी आम्ही तिघे जेवत होतो. मुक्ता उत्साहात होती.

"बाबा, आज सरांनी स्वतःचीच केस शिकवली. तू तेव्हा तिथे होतास ना? म्हणाले, माझा हात घाबरून गेला आणि मला कळलंसुद्धा नाही. माणसाने स्वतःच्या हातावर कधी विश्वास ठेवू नये. वर्गात इतकी शांतता होती!"

माझ्या बायकोने माझ्या ताटात आमटी वाढली. मी ती बघत राहिलो.

"म्हणून मी आता काय करणार माहितेय?" मुक्ता खुर्चीत ताठ बसली, डावा हात मांडीखाली घातला आणि वरून दाबून धरला. "निघताना असं बसणार. म्हणजे तो कुठे जायलाच नको."

"असं करू नकोस," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा, कारण दोघींनी माझ्याकडे बघितलं.

"का?"

कारण तार सोडायची वेळ आली, तर तो हात लागतो. ब्रेक आपोआप वर आले, तर ते मिटायला तोच हात लागतो. निघताना डावा हात मोकळा आणि तयार हवा. मी जे खोटं शेडमध्ये उभं राहून बोललो, ते सव्वीस वर्षं फिरत फिरत माझ्याच जेवणाच्या टेबलाशी आलं होतं आणि माझ्या मुलीच्या हातावर बसलं होतं.

हात मोकळा ठेव, तिथल्या शिक्षकांना विचार, एवढं मी तिला सांगितलं. "पण सर म्हणतात..." ती म्हणाली. सरांनी स्वतःच्या मोडलेल्या मणक्यातून काढलेला धडा होता तो. त्याच्यापुढे माझ्या सांगण्याला काय वजन?

त्या आठवड्याच्या रविवारी मी घरातल्या सगळ्या पंख्यांची पाती पुसून काढली. फोन खिशात होता. दर दहा मिनिटांनी तो बाहेर काढून बघत होतो. वर घारी फिरत होत्या. मुक्ताच्या ग्लायडरच्या पंखाशी आत्ता कोण उभं असेल, याचा विचार करत होतो. एखादा चांगला मुलगा असेल. अभ्यासू, आईबापांचा लाडका. त्याचाही पुढचा नंबर असेल.

*

परवा सकाळी नऊला मी वारज्याला गेलो. क्लास पहिल्या मजल्यावर आहे, खाली झेरॉक्सचं दुकान. इम्तियाज कमरेला पट्टा बांधून उभा होता. त्याला फार वेळ बसता येत नाही, उभं राहूनच शिकवतो. फळ्यावर ढगांचे प्रकार काढत होता.

"या कॅप्टनसाहेब! मुक्ताची तक्रार करायला बोलावलं नव्हतं मी. नेव्हिगेशन कच्चं आहे तिचं, पण बापापेक्षा बरं आहे. चहा सांगू?"

"नको. मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

मी सांगितलं. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी वर्षं उचललेली गोष्ट सांगायला गेलं तर एवढीशी होती. खडू इम्तियाजच्या बोटांत तसाच होता. मग त्याने तो ठेवला आणि डावा हात टेबलावर उताणा ठेवून त्याकडे बघत राहिला.

"म्हणजे हा गेलाच नव्हता."

"नाही."

"मी अडकवायचा विसरलो. खाली, जमिनीवर. ती चूक माझी."

"मी मध्ये बोललो होतो. आणि मला दिसलं होतं."

"ते ऐकलं मी." त्याने हात पालथा केला. खाली झेरॉक्सचं यंत्र चालू होतं. "अब्बांनी मला पुन्हा मशीन उघडू दिलं नाही, माहितेय? म्हणायचे, तू गिऱ्हाइकाशी बोल, मशीन मी बघतो. मला वाटायचं, पाठीमुळे म्हणतात." तो हसला, पण ते हसणं मला बघवलं नाही. "अब्बांना जाऊन नऊ वर्षं झाली, विन्या."

"इम्तियाज, मी माफी..."

"ती राहू दे. तिचं काय करायचं ते मला आत्ता सुचत नाहीये. आणि तुला बरं वाटावं म्हणून मी काही बोलणारही नाही." त्याने घड्याळ बघितलं. "दहाची बॅच आहे. मी या मुलांना चुकीचं शिकवलंय. दुरुस्त करावं लागेल. तू सांग."

"त्यात मुक्ता आहे."

"असेल ना. हजेरी मीच घेतो."

मी जाऊ शकलो असतो. जिना समोरच होता. मुलं एकेक करून वर येत होती, पाठीवर सॅक, हातात पाण्याच्या बाटल्या. मुक्ता आली, मला बघून तिच्या भुवया वर गेल्या. "बाबा? तू इथे?" मी बाकाकडे बोट दाखवलं. ती दुसऱ्या बाकावर बसली.

इम्तियाज म्हणाला, "त्या दिवशी पंखाशी कोण होतं, असं माझी केस शिकवताना कोणीतरी विचारलं होतं. हे होते. ऐका." आणि तो फळा सोडून मुलांमध्ये, शेवटच्या बाकावर जाऊन बसला. बसायला त्याला वेळ लागला.

मी सांगितलं. साठे सरांचा प्रश्न सांगितला, माझं उत्तर सांगितलं, दवाखान्याचा जिना सांगितला. मी कुणाकडे बघत नव्हतो. समोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यातल्या निळ्याकडे बघत होतो. संपल्यावर मुलं खाली मान घालून बसली होती, आपल्याच घरातलं भांडण ऐकावं तशी.

मग मुक्ताने हात वर केला. वर्गात करतात तसा, सरळ.

"सर," ती म्हणाली. मला. "ब्रेक उघडे आहेत हे तुम्हाला दिसलं, तेव्हा तार ताणलेली होती?"

"नाही. अजून ढिली होती."

"म्हणजे वेळ होता."

"हो. होता."

"मग तुम्ही काय केलंत?"

गप्प राहिलो, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो होतो, चाचांना आठवून, घारींकडे बघून. गप्प राहणाऱ्याचं निदान काही हलत नाही. ती माझ्याकडे बघत होती. शेवटच्या बाकावरून इम्तियाजही.

"मी हात हलवला," मी म्हणालो. "आधी हळू, मग जोरात. विमान मी सोडलं."

मुक्ताने मान खाली घातली आणि वहीत लिहून घेतलं.